भिंतीकडून येणारं ऊन

१

विद्याधर केळुसकर सरांनी फ्रेंच उन्हावर तीन पुस्तकं लिहिली आहेत. तिन्ही मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून. इम्प्रेशनिस्ट चित्रकार म्हणजे स्टुडिओचं दार ओढून घेऊन, रंगांची पेटी काखेत मारून उघड्यावर निघालेली माणसं. त्यांच्यावर चाळीस वर्षं लिहिणारा हा माणूस कोथिंबीर आणायलासुद्धा खाली उतरत नाही.

त्यांच्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. ती तपासून द्यायला कुणीतरी हवं, अशी त्यांनी जाहिरात दिली होती आणि मला माझं नाव छापून हवं होतं. बडोद्याला पीएचडीसाठी अर्ज केला होता. मुलाखतीत टेबलावर ठेवायला एक पुस्तक असलं, त्यावर ‘संपादन : गंधाली परब’ असलं, की काम झालं असतं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

पहिल्या दिवशी सरांनी माझे मार्क विचारले नाहीत, प्रबंधाचा विषय विचारला नाही. एवढंच विचारलं, "चष्मा आहे का?"

"नाही."

"लांबचं दिसतं ना गं नीट?" स्वयंपाकघरातून उत्तराकाकूंचा आवाज आला.

"स्टॉपवर उभं राहून बसचा नंबर वाचता येतो," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पोह्यांसकट मुलगी पसंत पडावी तसे चेहरे झाले होते. तेव्हाच मी ठरवलं, ही दोन माणसं कामातून गेलेली आहेत.

कामाची पद्धत अशी. चार वाजले की हॉलचे पडदे ओढायचे. सरांचा जुना स्लाइड प्रोजेक्टर लावायचा. ट्रेमध्ये एकच स्लाइड, रोज तीच. समोरच्या भिंतीवर चित्र पडलं की तासभर कुणी बोलायचं नाही, लिहायचं नाही, फोन तर नाहीच.

"आधी बघायचं," सर म्हणायचे. "मत नंतर."

मत मी आल्याआल्याच बनवलं होतं.

चित्र एमिल व्होकार नावाच्या एका दुय्यम चित्रकाराचं. मोठ्या लोकांच्या मागे मागे चालून त्यांच्यासारखं रंगवणारा. दुपारची खोली, मधोमध वेताची खुर्ची, फरशीवर उन्हाचा चौकोन. ऊन उजवीकडून येतं. त्या उन्हात एक जांभळी सावली आहे, उभ्या माणसाची. खांद्यांपर्यंतच दिसते, डोकं डावीकडे चौकटीबाहेर गेलंय. खोलीत मात्र कुणीच नाही.

सावली काळी नसते, तिलाही रंग असतो, हे या चित्रकारांनी दाखवून दिलं. ते शाळकरी पोरालाही सांगता येईल. सरांनी त्याच्यावर पंचवीस पानं चढवली होती. व्होकारने म्हणे सावलीला माणसापासून सोडवलं. प्रकरणाचं नाव ‘बिनमालकाची सावली’. महाराष्ट्रभरच्या कला महाविद्यालयांत पोरं ते पाठ करत आली. मीही केलं होतं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग होता.

२

सरांच्या हॉलला बाल्कनी आहे, पश्चिमेला. समोर पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिल्यापासून तिथे ऊन येत नाही. काकूंचे टॉवेल दोन दोन दिवस दमट राहतात आणि त्याबद्दलची त्यांची कुरकुर मी रोज ऐकायचे. पूर्वेची भिंत कोरी. तिच्यावर एक कॅलेंडर, तिच्यापलीकडे शेजाऱ्यांचं घर.

एकदा मी लवकर पोचले. पडदे अजून उघडेच होते. काकू जमिनीवर बसून पूर्वेच्या भिंतीलगतची फरशी ओल्या फडक्याने पुसत होत्या. फरशीवर ऊन पडलं होतं. मळकं, पिवळं, संध्याकाळकडे झुकलेलं ऊन. त्याच्या मध्यावर जांभळट काहीतरी होतं.

"जांभळं सांडली का?" मी विचारलं.

"कोकम असेल," काकू म्हणाल्या. पुसतच राहिल्या. "त्याच्यावर पाय नको देऊस. बाजूने ये."

मी बाजूने गेले. सोफ्यावर बसल्यावर मला कळलं की मी कशाकडे बघतेय. ऊन तिरकं पडलं होतं, भिंतीपासून बाल्कनीकडे. म्हणजे ते भिंतीतून येत होतं. कॅलेंडरच्या बाजूने.

मी काही बावळट नाही. परावर्तन नावाची गोष्ट असते. स्वयंपाकघराला पूर्वेला खिडकी आहे, रस्त्यापलीकडे नवी इमारत आहे, तिच्या काचांवर मावळतीचं ऊन आपटून खिडकीतून आत येत असणार, पॅसेजमधून वळून हॉलमध्ये. ऊन वळत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी ते वळवलं आणि मला बरं वाटलं.

मग सरांनी पडदे ओढायला सांगितले. अंधार झाला. प्रोजेक्टरचा पंखा घुंई करून सुरू झाला. फरशीवरचं ऊन तिथेच होतं. प्रोजेक्टरच्या पत्र्याच्या फटीतून येत असेल. जुनं मशीन.

जांभळट डागाचा आकार आता नीट दिसत होता. भिंतीकडे अरुंद, मग रुंद होत बाल्कनीकडे लांबत गेलेला. उंबऱ्याशी खांद्यांइतका झाला होता आणि तिथून पुढे बाहेर.

सर चित्राकडे बघत नव्हते. काकूही नाही. दोघांच्या माना खाली होत्या, पूजेत असतात तशा.

निघताना मी रस्त्यावरून मुद्दाम वर बघितलं. पूर्वेची ती इमारत वरपासून खालपर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेली होती. खिडक्यांना अजून काचाच बसल्या नव्हत्या.

मग दुसरी कुठलीतरी काच असेल, असं म्हणून मी स्टेशनची वाट धरली.

३

यज्ञेश एम.ए.ला माझ्या वर्गात होता, आता सरांच्या प्रकाशकाकडे नोकरीला आहे. छपाईसाठी त्याला चित्राची चांगली प्रत हवी होती. ज्या लहानशा संग्रहालयात ते चित्र आहे त्यांनी सगळा संग्रह वेबसाइटवर टाकलाय, असं त्याने कळवलं आणि लिंक पाठवली. विक्रोळी स्टेशनबाहेर कटिंग पिता पिता मी ती उघडली.

चित्र उलटं होतं. म्हणजे त्यांचं सरळ होतं, सरांचं उलटं. ऊन डावीकडून येत होतं. आणि त्या उन्हात सावली नव्हती. बोटांनी ताणून ताणून मोठं केलं. पिवळा, थोडा गुलाबी, ब्रशचे आखूड फटकारे. जांभळ्या रंगाचं नाव नाही.

मी यज्ञेशला फोन लावला.

"सावलीच नाहीये रे चित्रात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पंचवीस पानांची वाट लागली. इथल्या हवेत स्लाइडला बुरशी धरते, माहितीय ना? डाग पडतात. म्हाताऱ्याने स्लाइड पुसली, नव्या पुठ्ठ्यात बसवली, ती पण उलटी. आणि जो डाग उरला त्याचा सिद्धांत केला."

"बुरशीचा?"

"बिनमालकाच्या बुरशीचा."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मग आता? शुक्रवारी फाइल छपाईला जाते, गंधाली."

"प्रकरण कापायचं. आणि मी त्याच्यावर लेख लिहिणार. बडोद्याला तोच पाठवते. झकास ना?"

"सर जातील गं हे वाचून."

"चाळीस वर्षं पोरांकडून बुरशी पाठ करून घेतली. त्याचं काय?"

घरी जाईपर्यंत लेखाची पहिली दोन पानं डोक्यात तयार होती. या पिढीला कधी कुणी विचारलंच नाही, हाच खरा प्रश्न आहे. केस पांढरे झाले की माणूस बरोबरच असतो, असं आपण धरून चालतो. मूळ चित्र न बघता, एका बोटभर फिल्मच्या तुकड्यावरून माणूस विद्वान होतो, आणि खालचे आम्ही माना हलवतो. झोप लागेपर्यंत मी खूश होते. फक्त एक गोष्ट राहून राहून टोचत होती. बुरशी स्लाइडवर धरते. फरशीवर नाही.

४

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच मी सांगून टाकलं. गोड बोलून वगैरे नाही.

"सर, मूळ चित्रात सावली नाही."

सर आरामखुर्चीत होते. "नाहीच आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पुस्तक निघाल्यावर शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा तिथे गेलो होतो ना. त्या चित्रासमोर दिवसभर उभा राहिलो. नव्हती. मग घरी आलो." त्यांनी हात फरशीकडे केला. बोट डागावर नव्हतं, बरंच बाजूला, सोफ्याच्या पायाकडे होतं. "तर इथे होती."

मला हसू आलं. चूक पकडली की तिचं अध्यात्म करायचं, हे यांना बरोबर जमतं.

"मग नंतर दुरुस्ती का नाही केलीत?"

"लोकांनी बघणं सोडलं असतं."

"सर, प्लीज. आणि स्लाइडही उलटी बसवलीय तुम्ही."

"ती चूक नाही, गंधाली. मीच उलटी केली. सरळ असताना ती..."

"पुरे," काकू म्हणाल्या. त्यांनी चहाचा पेला टेबलावर जरा जोरात ठेवला.

सर हाताने चहाचा पेला चाचपू लागले. मग म्हणाले, "मला आता मधलं दिसत नाही. कडा दिसतात फक्त. तुझा चेहरा दिसत नाही मला, कान दिसतात. डोळ्याच्या पडद्याचं आहे, सुधारणार नाही म्हणतात. उत्तरा किती वेळ बघणार? तिची मान धरते. बघणारं कुणी असलं की सावली तशीच राहते. एवढंच हवंय."

म्हणजे तो चष्म्याचा प्रश्न. माझं एम.ए., माझा प्रबंध, माझी मतं, कशाशीच यांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी एक डोळ्यांची जोडी आणून सोफ्यावर ठेवली होती. कानशिलं तापली माझी.

"जाहिरातीत लिहायचं होतंत मग. राखणदार पाहिजे."

"लिहिलं असतं तर आली असतीस?"

५

मी पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला आणि ट्रे बाहेर काढला.

"आयुष्यात एकदा चित्रकाराने काढलंय तसं बघू," मी म्हटलं.

"नको गं, बाळ," काकू म्हणाल्या. त्या मला पहिल्यांदाच बाळ म्हणाल्या आणि त्याचीही मला चीड आली.

स्लाइड उचलून मी दिव्यासमोर धरली. स्वच्छ होती. बुरशी नाही, डाग नाही, जांभळं काही नाही. रोज भिंतीवर दिसायची ती सावली या फिल्मवर नव्हतीच. मला थांबायला हवं होतं. पण मी रागात होते, आणि रागात माणसाला आपलंच बरोबर वाटतं. स्लाइडची कुठली बाजू कुठे ते दाखवणारा पुठ्ठ्यावरचा लाल ठिपका दुसऱ्या बाजूला फिरवला, स्लाइड ट्रेमध्ये टाकली आणि बटण दाबलं.

खटका पडला. चित्र भिंतीवर आलं, फोनवर होतं तसं. ऊन डावीकडून, खुर्ची, रिकामी फरशी.

"बघा," मी म्हटलं.

मग माझा डावा घोटा तापला. उन्हात पाय ठेवल्यावर तापतो तसा.

भिंतीलगतचा तो उन्हाचा तुकडा गेला होता. आता ऊन डावीकडून, बाल्कनीकडून येत होतं. जाड पडदे ओढलेले होते, त्यांच्यामागे बंद दार, त्यामागे टॉवर. ऊन या सगळ्यातून सरळ येत होतं आणि सबंध हॉलभर पसरलं होतं. त्यात सोफ्याची सावली पडली नव्हती. माझीही नाही. एकच होती. बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी तिचे पाय सुरू होत होते. तिथून ती फरशीवरून लांबत आली होती, माझ्या पावलांवरून गेली होती. तेवढीच पावलं गार पडली होती. आणि उजवीकडे, पूर्वेच्या भिंतीपाशी पोचल्यावर ती मोडून वर चढली होती.

भिंतीवर खांदे होते. खांद्यांवर मान. आणि कॅलेंडरच्या शेजारी, माझ्या डोक्याच्या उंचीला, डोकं.

रंग सरांनी लिहिलाय तसाच. कडेला निळसर, आत जांभळा. इतक्या वेळा टिंगल केलेलं ते वाक्य मला अख्खं आठवलं.

डोकं एका बाजूने दिसत होतं. कपाळ, नाक, हनुवटी. बारीक नाक. मागे केस बांधलेले.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं. आवाज अगदी हळू.

मी भिंतीकडे बोट केलं, ते त्यांना दिसणार नाही हे विसरून.

"डोकं आत आलंय का?"

"हो."

"वर बघू नकोस. बाल्कनीकडे बघू नकोस. सावलीकडेच बघ."

मोठ्यांचं सांगितलेलं मी आजवर कधी मुकाट्याने ऐकलं नव्हतं. तेव्हा ऐकलं. डाव्या डोळ्याच्या कडेला, पडद्यासमोर, पुरुषभर उंचीचं काहीतरी उजेड अडवत होतं. मी ते पाहिलं नाही. नुसतं तिथे आहे एवढं कळत होतं, जसं मागच्या बाकावरचं कुणी आपल्या वहीत डोकावतंय हे कळतं.

भिंतीवरचं नाक बारीक झालं. मग आणखी बारीक. हनुवटी आत गेली, कपाळ आत गेलं. डोकं गोल झालं.

गोल सावलीवरून माणूस पाठमोरा आहे की समोर तोंड करून, ते सांगता येत नाही. हे मी स्वतःला सांगत होते. दोन्ही शक्यता सारख्याच. पाठमोरा असेल. बाहेर बघत असेल.

पडद्याच्या कड्या दांडीवर वाजल्या. एकच कडी, मग दुसरी.

"उत्तरा, ठिपका," सर म्हणाले. ते प्रोजेक्टरपाशी पोचले होते, स्लाइड त्यांच्या हातात होती, आणि त्यांना लाल ठिपका सापडत नव्हता. अंगठा पुठ्ठ्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवरून फिरल्याचा आवाज येत होता. स्लाइड काढल्यावर समोरच्या भिंतीवर नुसता पांढरा चौकोन होता. ऊन मात्र तसंच. काकू भिंतीला धरून, फरशीवर जागा शोधत शोधत आल्या. "उजव्या हाताला घ्या. अहो, उजव्या."

भिंतीवरची सावली वर चढत होती. उजेडाकडून माणूस भिंतीकडे येतो तशी सावली वर चढते, हे मला शाळेपासून माहीत होतं.

खटका पडला.

६

शुक्रवारी मी फाइल पाठवली. सगळी.

"प्रकरण तसंच आहे," यज्ञेश फोनवर म्हणाला. "तू तर बुरशी म्हणत होतीस."

"बुरशीच आहे."

"मग?"

"मग काय, छाप. नाव नीट टाक माझं."

तो लेख मी लिहिला नाही. पुस्तक निघालं, आणि त्याच पुस्तकावर मला बडोद्याला प्रवेश मिळाला. मुलाखतीत एका वयस्कर प्राध्यापकांनी ‘बिनमालकाच्या सावली’चं तोंड भरून कौतुक केलं. मी मान हलवली. जुलैत जायचं आहे. तोवर रोज चार वाजता मी मुलुंडला असते. एका रविवारी गेले नाही, तर सोमवारी काकूंनी फक्त एवढंच सांगितलं की काल मान फार दुखली.

सरांना आता कडाही दिसत नाहीत. त्यामुळे जुलैच्या आधी कुणीतरी बघायला हवं होतं. मी आमच्या कॉलेजच्या फलकावर कागद लावला. संशोधन सहाय्यक पाहिजे, अमुक अमुक विषय, काम दुपारचं. वाकोल्याहून श्रुतिका नावाची मुलगी आली. कानात इअरफोन, केसांना निळी बट. सरांच्या पुस्तकांच्या कपाटावरून तिने अशी नजर फिरवली की रद्दीवाल्याने तरी थोडा आदर दाखवला असता. मला ती आवडली. मला तिचा रागही आला.

"चष्मा आहे का?" मी विचारलं.

"नाही. का, नेम धरायचाय कुणावर?"

काकूंनी तिच्यापुढे पोहे ठेवले.

मी तिला फार काही सांगितलं नाही. आधी बघायचं, मत नंतर, एवढंच. आणि तिकडे पाय द्यायचा नाही. तिने "ओके" म्हणताना डोळे फिरवले. बाकीचं सांगावं असं दोनदा मनात आलं. सांगितलं असतं तर ती आली असती का?

चार वाजता पडदे ओढले. प्रोजेक्टर तिच्या बाजूला होता, बटण तिनेच दाबलं. मी नेहमीच्या जागी बसले, नजर फरशीवर. भिंतीपाशी अरुंद, उंबऱ्याकडे रुंद. खांद्यांपर्यंत. जागच्या जागी होती. सर डोळे मिटून बसले होते. काकूंनी आज बऱ्याच दिवसांनी मान वर केली होती आणि त्या मागे टेकून झोपल्या होत्या.

"ताई," श्रुतिका कुजबुजली. "एक सांगू? येताना मी फोनवर ओरिजिनल बघून आले."

मी तिला गप्प बसायची खूण केली. ती माझ्याकडे बघत नव्हती बहुतेक.

"तुमची स्लाइड उलटी आहे."

तिच्या आवाजातला तो आनंद मला चांगला ओळखीचा होता. मी फरशीवरून नजर काढली नाही. काढता येत नव्हती. ट्रे ओढल्याचा आवाज मात्र मी ऐकला.